मेलेल्या कारकुनाचा बाण

मंगळवारी सकाळी तोलापाता गावाच्या शाळेच्या पटांगणात जेवढी माणसं जमली, तेवढी पालकसभेला आजवर कधी जमलेली नाहीत. पालकसभेची नोटीस काढावी लागते, गैरहजेरीचा दंड सांगावा लागतो. इथे कुणाला बोलावणं नव्हतं. बायका पाठीला लेकरं बांधून आल्या होत्या, म्हातारे घरून स्टूल घेऊन आले होते, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीच्या एकुलत्या एक खिडकीला नऊ तोंडं चिकटली होती. आत टेबलावर लॅपटॉप उघडा होता. त्याचा माउस बाजूला उताणा पडला होता. कुणाचा कशाला हात लागत नव्हता, तरी पडद्यावरचा बाण तुरुतुरु चालत होता.

"हलला! हलला!"

"कुठं चालला?"

"घड्याळाच्या कोपऱ्यात."

"वेळ बघत असेल. इलारियोनला वेळेचं भारी वेड."

"मेल्यावर कसली आलीय वेळ?"

इलारियोन सिर्पा हा या शाळेचा कारकून. एकोणीस वर्षं त्याने याच टेबलावर दाखले लिहिले आणि गेल्या सप्टेंबरात याच खुर्चीत छातीत कळ येऊन तो गेला. भला माणूस, मोजकं बोलणारा. त्याची बायको आसेन्सिया शाळेच्या फाटकाशी टपरी चालवते. सकाळची गरम आपी, म्हणजे जांभळ्या मक्याचं दाट पेय, त्यासोबत तळलेले बुन्येलो, वह्या, पेन्सिली असं सगळं तिच्याकडे मिळतं. आज टपरीला कुलूप होतं आणि आसेन्सिया गर्दीच्या अगदी मागे, डोक्यावरची हॅट काढून हातात धरून उभी होती.

भिंतीपलीकडच्या खोलीत विज्ञानाच्या देल्फिनाबाई बसल्या होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत, कारण त्यांना काम होतं. शाळेच्या पटाची यादी शनिवारपर्यंत जिल्ह्याला पाठवायची होती. यादी गेली नाही तर पोरांची न्याहारी बंद. आणि बाईंचा माउस गेल्या गुरुवारपासून लॅपटॉपशी कट्टी घेऊन बसला होता. त्यांनी सेल बदलून पाहिला. पोटाखालचं बटण बंद-चालू केलं. लॅपटॉप बंद करून उघडला, उघडून बंद केला. लॅपटॉपच्या कडेला खोचलेला नखाएवढा रिसीव्हर या भोकातून काढून त्या भोकात घातला. शेवटी माउस टेबलावर उजवीकडे-डावीकडे रगडून पाहिला. तेवढ्यात पलीकडून "हलला!" असा गलका झाला आणि बाई आणखी वैतागल्या. त्यांनी माउस आणखी जोरात रगडला. गलका वाढला.

मुख्याध्यापक सेनोनसरांचं रडगाणं हेच होतं. त्यांचाही माउस गुरुवारपासून मेला होता. पण हे बाईंना ठाऊक नव्हतं, कारण बाई आणि सर यांच्यात दोन वर्षं विस्तव जात नव्हता. शाळेच्या वर्धापनदिनाच्या संचलनात शिक्षकांचा झेंडा सरांनी बाईंना न देता कवायतीच्या मास्तरांना दिला होता, एवढं कारण पुरेसं होतं. तेव्हापासून त्यांचा सगळा व्यवहार दाराच्या फटीतून सरकवलेल्या चिठ्ठ्यांवर चाले. "सर, खडू संपले." "बाई, मागवलेत." अशा चिठ्ठ्यांतून माउसचं दुखणं कोण कुणाला सांगणार?

दहाच्या सुमाराला आत्मे उतरवणारे गुरू, माएस्त्रो पोंसियानो आले. रविवारच्या बसने ते एल आल्तो शहराहून उतरले होते, अंगावर गुडघ्यापर्यंतचा जाड पोंचो आणि गळ्यात पितळी घंटा. सोमवारी त्यांनी शाळेची पाहणी केली होती. आज मंगळवार, म्हणजे अशा कामाचा वार.

"लोकहो," ते पायरीवर उभे राहून म्हणाले, "माणसाचं हृदय म्हणजे काय? बॅटरी! माणूस मेला की त्यातली वीज कुठं जाते? जवळच्या प्लगात! इलारियोन ज्या खुर्चीत गेला, तिच्याजवळ काय होतं?"

"शेगडी," एक म्हातारा म्हणाला.

"लॅपटॉप!" माएस्त्रो गरजले. "मला विजेचं कोण काय शिकवणार? माझ्या अंगावर तीनदा वीज पडलीय!"

"आणि एकदाही बिल आलं नाही?" मागून कुणीतरी विचारलं. बायका हसल्या आणि लगेच क्रुसाची खूण करून गप्प झाल्या.

माएस्त्रो आधी देल्फिनाबाईंच्या खोलीत शिरले. "बाई, हा माउस आजारी आहे. याला आत्म्याचा वारा लागलाय. शुद्ध करून देतो."

"मला यादी करायचीय."

"करा की. याच्याविना करा. असाही तो चालत कुठं होता?"

हे खरं होतं, म्हणून बाईंनी दिला. माएस्त्रोंनी माउस लाल फडक्यात गुंडाळला, पोंचोच्या आत नेला आणि ते शेजारच्या खोलीत जाऊन इलारियोनच्या खुर्चीत बसले. उजवा हात पोंचोखाली मांडीवर, आत्म्याची ऊब राखायला म्हणे; डाव्या हातात घंटा.

"इलारियोन, आलास का? उजवीकडे म्हणजे हो, डावीकडे म्हणजे नाही."

बाण थरथरला आणि उजवीकडे गेला. पटांगणभर शहारा उमटला. देल्फिनाबाईही दाराशी येऊन उभ्या राहिल्या, कारण आता भिंतीतून ऐकवत नव्हतं.

"मेलेल्यांच्या सणाला, दोन नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता जेवून गेला होता की त्याचा आत्मा," आसेन्सिया हळूच म्हणाली. "मी ताट वाढलं होतं. आख्ख्या गल्लीनं त्याला निरोप दिला."

"अर्धा गेला," माएस्त्रो म्हणाले. "अर्धा अडकलाय. तुझ्याशी हिशेब राहिलाय त्याचा. विचार काय विचारायचं ते."

आसेन्सिया पुढे आली. इलारियोन गेला त्या दिवशी ती टपरीचा माल भरायला बाजाराच्या गावी गेली होती. परतीची बस दोन तास उशिरा आली. ती पोचली तेव्हा त्याच्या अंगावर घोंगडी टाकलेली होती. या पाच महिन्यांत तिने हा प्रश्न कुणालाच विचारला नव्हता, कारण तिला उत्तर हवं होतं ते त्याच्याच तोंडचं.

"मी वेळेवर आले असते," ती पडद्याकडे बघून म्हणाली, "तर तू वाचला असतास का रे?"

बाण जागचा हलेना. माएस्त्रोंनी डोळे मिटले. मग बाण अगदी सावकाश, रमतगमत, उजवीकडे गेला.

आसेन्सिया ओरडली नाही की रडली नाही. तिने नुसती हॅट डोक्यावर घातली आणि परत काढली. माएस्त्रोंनी मग निवाडा सांगितला. शुक्रवारी शेवटचा विधी, तोवर बाईंचा माउस शुद्धीसाठी त्यांच्याकडेच. आसेन्सियाने टपरीची किल्ली इथे आणून द्यायची. टपरीची शुद्धी माएस्त्रोंची मेव्हणी तिथे बसून करेल. आसेन्सियाने वर्षभर गाव सोडायचं, ओरुरोला बहिणीकडे राहायचं आणि नवऱ्याच्या थडग्याकडे फिरकायचं नाही. गावाने माना डोलावल्या. बाणाने सांगितल्यावर कोण काय बोलणार?

देल्फिनाबाईंना संताप आला होता. रोज सकाळी सातला, बोटं गोठलेली असताना, याच बाईच्या हातची आपी पिऊन त्या वर्गावर जात. पण नुसत्या संतापाने काय होतं? बाण हलताना त्यांनी स्वतः पाहिला होता.

गर्दी पांगल्यावर त्या आपल्या लॅपटॉपसमोर येऊन बसल्या. पलीकडे सेनोनसर एकटेच होते. थोड्या वेळाने भिंतीतून आवाज आला: धप्, धप्, धप्. सर आपला मेलेला माउस टेबलावर आपटत होते. आणि बाईंच्या पडद्यावर बाणाने तीन उड्या मारल्या.

बाई पडद्याकडे पाहत राहिल्या. मग उठल्या आणि त्यांनी भिंतीवर मुठीने तीनदा ठोकलं. सरांना वाटलं, बाई आवाज बंद करा म्हणून ठोकतायत. त्यांनी चिडून माउस आणखी चारदा आपटला. बाणाने बरोबर चार उड्या मारल्या.

मग बाईंना ती बशी आठवली.

कार्निव्हलच्या आधीच्या शुक्रवारी शाळेने चाल्या केली होती. दरवर्षी होते. पाचामामाचं, म्हणजे धरणीचं, देणं म्हणून शाळेची सगळी यंत्रं पटांगणात घोंगडीवर मांडायची, त्यांना कागदी फिती गुंडाळायच्या आणि वरून मद्य शिंपडायचं. गेल्या वर्षी शिंपडणाऱ्यांचा हात सैल सुटला आणि दोन्ही लॅपटॉपांचे बोट फिरवायचे चौकोन बियर पिऊन कायमचे झोपले. म्हणून तर दोन माउस विकत आणावे लागले, एकाच दुकानातून, एकाच रंगाचे. यंदा तसं होऊ नये म्हणून चाल्याच्या आधी कुणीतरी शहाणपणाने दोन्ही रिसीव्हर उपसून कोकाच्या पानांच्या बशीत ठेवले आणि विधी झाल्यावर परत खोचले. ते शहाणं माणूस म्हणजे स्वतः देल्फिना लिमाची. खोचताना कुठला कुणाचा, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. मग कार्निव्हलची सुट्टी लागली आणि शाळा उघडली ती थेट गुरुवारी.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. गेले पाच दिवस त्या स्वतःच इलारियोन होत्या. त्यांनी माउस रगडला की पलीकडे आत्मा नाचत होता, त्या जेवायला गेल्या की आत्माही विसावा घेत होता. विज्ञान शिकवण्याचा पगार घेणाऱ्या बाईला हे सुचू नये, याची त्यांना सणसणीत लाज वाटली.

त्या उठून सेनोनसरांच्या दारात गेल्या. "सर, बोलायचंय."

सर वर न पाहता म्हणाले, "चिठ्ठी द्या."

बाईंनी त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढला आणि लिहिलं: "सर, तुमचा माउस माझ्या लॅपटॉपला जोडलाय आणि माझा तुमच्या." सरांनी चष्मा लावून चिठ्ठी दोनदा वाचली. पेन उचललं, ठेवलं आणि तोंडाने विचारलं, "म्हणजे काय?"

बाई आपला लॅपटॉप घेऊन आल्या. दोन्ही रिसीव्हर काढले, अदलाबदल करून खोचले. सरांनी माउस हलवला. त्यांच्या पडद्यावरचा बाण मुकाट त्यांच्या हातामागे चालू लागला.

"म्हणजे पाच दिवस मी तुमच्या पडद्यावर..."

"आणि मी तुमच्या."

"दोन वर्षांत आपला एवढा संपर्क नव्हता," सर म्हणाले. मग त्यांचा चेहरा बदलला. "पण आज सकाळी तुमच्या हातात माउस नव्हता. तो त्या..."

"पोंचोखाली होता."

सर ताडकन उठले. "आत्ताच्या आत्ता गावाला सांगतो!"

"सांगून काय होणार? लोक म्हणतील, माउस बरा झाला, माएस्त्रोंनीच केला. आणि आसेन्सियाला बाणाने सांगितलंय, सर. माझं-तुमचं बोलणं ती कशाला खरं धरेल? तिला दिसायला हवं."

शुक्रवारी मंगळवारच्या दुप्पट गर्दी होती. आसेन्सिया पाठीला गाठोडं बांधूनच आली होती. टपरीची किल्ली तिने मुठीत धरली होती. टेबल पटांगणात आणलं होतं आणि त्यावर एकाऐवजी दोन लॅपटॉप होते.

"हा दुसरा कशाला?" माएस्त्रोंनी विचारलं.

"आत्म्याला जागा अपुरी पडू नये म्हणून," देल्फिनाबाई म्हणाल्या.

माएस्त्रो बसले. उजवा हात पोंचोखाली गेला. घंटा वाजली. "इलारियोन, आलास का?"

सरांच्या लॅपटॉपवरचा बाण ढिम्म. माएस्त्रोंनी पुन्हा घंटा वाजवली. पोंचोखाली काहीतरी उंदरासारखं धावू लागलं. तेवढ्यात एक पोरगी किंचाळली, "अगं आई, इकडं आलाय!" बाईंच्या लॅपटॉपवर बाण पिसाळल्यासारखा पळत होता.

माएस्त्रो क्षणभर गडबडले. पण मुरलेला गडी, लगेच सावरला. "पाहिलंत? आत्म्याने घर बदललं! शुद्धीची खूण!"

"वा," बाई म्हणाल्या. "मग एवढं मोठं काम करणाऱ्या पाहुण्याला कुणी कोका तरी दिली का?"

गाव ओशाळलं. खरंच कुणी दिली नव्हती. म्हातारी तेओदोसिया लगबगीने पुढे झाली आणि ओंजळीत पानं धरून उभी राहिली. आता तोलापातात कोका ओंजळीने देतात आणि ओंजळीनेच घेतात. एका हाताने घेणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं. माएस्त्रोंनी घंटा ठेवली, उजवा हात पोंचोतून बाहेर काढला, आणि दोन्ही हात जोडून पानं घेतली.

"बाण थांबला," सेनोनसर मोठ्याने म्हणाले, हजेरी घेतल्यासारखे.

माएस्त्रोंनी पानं गालात सारली. हात परत आत गेला.

"चालला," सर म्हणाले.

दुसरी बाई पुढे आली. ओंजळ. "थांबला." हात आत. "चालला." तिसरी आली. "थांबला." आता रांगच लागली होती; गावाला पाहुणचाराची आठवण झाली की गाव ऐकत नाही. माएस्त्रोंचे दोन्ही गाल फुगले होते.

"आत्मा मोठा रीतीभातीचा दिसतोय," मंगळवारी शेगडी म्हणालेला म्हातारा बोलला. "पाहुण्याचे हात गुंतले की हा गप्प बसतो."

कुणी हसलं नाही. सगळे आता पडद्याकडे न बघता पोंचोकडे बघत होते. सातव्या ओंजळीला माएस्त्रोंनी नुसता डावा हात पुढे केला.

"एका हातानं?" त्या बाईचा आवाज चिरला. "मी काय कुत्र्याला घालतेय?"

"दुसरा काढा, माएस्त्रो," लोक ओरडले. "दुसरा!"

घाईघाईने दुसरा हात बाहेर आला, आणि त्याच्यामागून मांडीवरून घरंगळत, लाल फडक्यातून सुटून, माउस जमिनीवर पडला. बाण पडद्यावर कोपऱ्यात जाऊन आदळला. माउस उताणा पडला होता आणि त्याच्या पोटाखालचा लाल दिवा सगळ्यांना दिसत होता.

देल्फिनाबाईंनी तो उचलला आणि टेबलावर ठेवला. मग त्यांनी सगळं सांगितलं: बशी, दोन रिसीव्हर, अदलाबदल, आपली चूक. रिसीव्हर परत उलटे लावून दाखवले, सुलटे लावून दाखवले. "सोमवारी हे माझ्या खोलीत आले, हा माउस हलवला, पलीकडे लोक ओरडले. यांनी परत हलवला, लोक परत ओरडले. मी समोर बसून यादीची काळजी करत होते."

"मला एका मिनिटात कळलं होतं," माएस्त्रो पानं थुंकत म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चक्क दुखावलेला कारागीर होता. "सहा वर्षं बाजारात माउस-कीबोर्ड विकलेत मी."

हेच वाक्य सोमवारी बोलला असता, तर गावाने त्याला दुरुस्तीची मजुरी दिली असती, वर जेवणही दिलं असतं. खरं त्याला माहीत होतं. ते विकायला काढावं, असं तेवढं त्याला वाटलं नाही. दोन बाप्ये त्याला बसपर्यंत पोचवायला निघाले, एक या दंडाला आणि एक त्या दंडाला धरून.

आसेन्सिया टेबलापाशी आली. तिने माउसवर हात ठेवला आणि उजवीकडे सरकवला. बाण उजवीकडे गेला. डावीकडे सरकवला. डावीकडे गेला.

"म्हणजे ते 'हो'..."

"त्याच्या मांडीवरून आलं," बाई म्हणाल्या.

"आणि इलारियोन?"

"तो काही बोलला नाही."

आसेन्सियाने आता पहिल्यांदा डोळे पुसले. "सव्वीस वर्षांत एकदा उलटून बोलला नाही मला. मेल्यावर कुणी शिकवलं, हेच मला तीन दिवस कळेना."

"दवाखान्यातले डॉक्टर सप्टेंबरातच म्हणाले होते," बाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज चढला, कारण हे सगळ्यांना ऐकवायचं होतं. "दहा मिनिटांत सगळं संपलं होतं. ती गावात असती तरी हेच झालं असतं. पण डॉक्टरांकडे घंटा नाही, म्हणून त्यांचं कुणी ऐकलं नाही. पाच महिने ही बाई रोज पहाटे उठून तुमच्या पोरांना गरम आपी देत होती, आणि तुम्ही एका बाणाच्या सांगण्यावरून तिला गावाबाहेर काढायला निघालात! चाल्या करा, मीही करते. मेलेल्यांना ताट वाढा. पण काही आपोआप हललं, तर ते कोण हलवतंय हे आधी शोधा. शेजारच्या खोलीत जाऊन विचारा. मीच विचारलं असतं, तर हे गुरुवारीच मिटलं असतं."

तेओदोसिया म्हातारी पुढे आली आणि आसेन्सियाच्या पाठीवरचं गाठोडं सोडू लागली. गाठ घट्ट होती, म्हणून आणखी दोघी आल्या.

पटाची यादी शनिवारी गेली. सोमवारी बाईंच्या दाराखालून एक चिठ्ठी आली: "बाई, पुढच्या चाल्याला रिसीव्हरना दोरे बांधू. तुमचा लाल, माझा निळा. आणि यंदाच्या संचलनाचं बोलायला या."

त्याआधी, रविवारी, आसेन्सिया स्मशानात गेली. सोबत आपीचा थर्मास होता. थडग्यावरची सुकलेली फुलं तिने काढली, नवी ठेवली, एक पेला त्याच्यापुढे ओतला, एक स्वतः प्यायली. त्याला तिने काही विचारलं नाही. तो गेला त्या दिवशी बस दोन तास उशिरा आली, रस्त्यात टायर फुटला होता, एवढं त्याला सांगितलं आणि टपरी उघडायला परत गेली.